दाजींचा कम्प्युटर गावपळणीला जातो

दाजी धुरी कुणाच्याही घरी गेले की पाणी मागायच्याही आधी एकच प्रश्न विचारतात. "डिस्कार मोकळी जागा किती आसा?"

घरात लग्न असो, कुणी आजारी असो, त्यांना फरक पडत नाही. आमच्या सासूबाईंच्या बाराव्याला आले, पाटावर बसले, चेहरा उतरलेला, डोळ्यांत पाणी. मला वाटलं आता सासूबाईंची काहीतरी आठवण सांगणार. तर खाली मान घालून म्हणाले, "म्हातारी बरी होती गो. खूप बरी होती." मग नाक पुसलं आणि आवाज आणखी हळू करून विचारलं, "सुनंदा, तुझ्या त्या लॅपटॉपात पन्नास जीबी तरी आसतले मा?"

सुनंदा म्हणजे मी, दाजींची शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आहे, आणि दाजी तो साठी उलटून गेल्यावरही लुंगी वर खोचून ओलांडतात. मी कोकम आगळ, आंब्याचं लोणचं, फणसाचे पापड असला घरगुती माल करते. लेबलं छापायला आणि ऑर्डरी लिहायला माझ्याकडे एक लॅपटॉप आहे. पूर्वी तो माझा एकटीचा होता. आता त्यात दोन बिऱ्हाडं आहेत.

कारण दाजींचा छंदच तो. कुणाच्याही कम्प्युटरमधली विंडोज आहे तशीच ठेवायची आणि तिच्या शेजारी, त्याच डिस्कवर, लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम बसवायची. मग मशीन चालू केलं की आधी काळा पडदा येतो, त्यावर दोन नावं दिसतात. ज्याच्यावर बोट ठेवाल तो उठतो, दुसरा झोपून राहतो. याची कुणाला गरज आहे का, हा प्रश्न दाजींना आजवर पडलेला नाही. "जागा होता!" एवढंच ते म्हणतात. म्हणजे जागा होते, करता येते, थोडं सरकलं की झालं.

हा माणूस कम्प्युटर शिकलेला नाही. सगळी उमर मालवणच्या जेटीवर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. कम्प्युटरलाही ते तसाच स्क्रूड्रायव्हर लावतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, झालं, दाजींचं डोकं फिरलं. पण डोळे उघडून म्हणाले, "पंख्यात केस गेलेत. मांजराचे." मागचं झाकण काढलं तर खरंच आमच्या मनीचे केस!

माझ्या लॅपटॉपात त्यांनी ते दुसरं बिऱ्हाड घातलं त्या दिवशी मी बाटल्या आणायला कणकवलीला गेले होते. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी दाजींना चहा केला, लॅपटॉपही काढून दिला, वर "सावकाश करा" म्हणाल्या. संध्याकाळी मी येऊन लेबलं छापायला बसते तर काळा पडदा! दोन नावं! आणि कोपऱ्यात आकडे उलटे पळतायत, दहा, नऊ, आठ. मला वाटलं, आता याचा बार होणार. मी लॅपटॉप उचलून अंगणात पळाले.

"दाजीऽऽ! काय केल्यात तुमी ह्या?"

गडग्यावर दाजींचं डोकं उगवलं. "बसवलंय," म्हणाले. इतक्या आनंदाने म्हणाले की तोंडात आलेली शिवी मला गिळावी लागली.

"माझी लेबलां खंय गेली?"

"खंय जातली? आसत थंयच आसत. कोणाक उठवूक नाय मी. उठवूचा नाय कोणाक!"

हे दाजींचं दुसरं पालुपद, म्हणजे आधी बसलेल्याला हुसकवायचं नाही. ही सिस्टीम बसवताना एका पायरीला पडद्यावर दोन पर्याय येतात. एक, आधीच्या सिस्टीमच्या शेजारी बसवा. दोन, डिस्कवरचं सगळं पुसून टाका आणि बसवा. दोन्ही एकाखाली एक. हा दुसरा पर्याय दिसला की दाजींना घाम फुटतो. माऊस घसरला तर? म्हणून ते खिशात काकींच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, टिकल्यांचं पाकीट ठेवतात आणि त्या दुसऱ्या पर्यायावर, बरोबर त्या गोल खुणेवर, एक टिकली चिकटवतात. आमच्या वाडीत ज्यांच्या पडद्यावर गोंदाचा डाग दिसेल त्यांच्याकडे दाजी येऊन गेले असं समजावं.

टिकली लावून झाली की गाऱ्हाणं. देवळात घालतात तसं, उभं राहून, हात जोडून. घरातल्या सगळ्यांना बोलावून घेतात.

"बा देवा म्हाराजा! आज हंय नवो पावणो येता आसा. तेका बसाक वायच जागा होयी. जुन्याक कसलो धक्को लागता नये. लाईट जाता नये. माऊस घसारता नये. काय चूक झाली तर ती पदरात घे आणि दोघांकय सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आपण म्हणायचं. नाही म्हटलं तर ते बटण दाबत नाहीत. तारकर्लीला त्यांच्या एका मित्राची पर्यटकांची न्याहारी-निवास आहे. तिथे कुर्ल्या, म्हणजे खेकडे, खायला म्हणून गेले आणि त्या मित्राच्या मशीनला बसले. मित्र बाजारात, घरात कोण नाही, "होय म्हाराजा" म्हणायला माणूस हवा. दाजींनी पुण्याहून आलेलं एक कुटुंब समुद्रावरून हाताला धरून आणलं. ओल्या कपड्यांत उभे राहून चौघंही मनापासून म्हणाले. त्यांना वाटलं, खोलीच्या भाड्यात हे बसलेलं असणार.

आता हे सगळं हसण्यासारखं आहे आणि मी हसतेच. पण दाजींचा स्वतःचा कम्प्युटर पाहिला की मला हसायला यायचं नाही. जुना, मोठा, टेबलावरचा. पडवीत ठेवलेला, काकींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने झाकलेला. तो चालू केला की त्यावरही दोन नावं यायची, पण ती विंडोज आणि लिनक्स अशी नव्हती. दाजींनी ती बदलून घेतली होती. वर 'दाजी', खाली 'शुभा'. आणि ते उलटे पळणारे आकडे त्यांनी काढून टाकले होते. हे मशीन निवड होईपर्यंत कितीही वेळ थांबून राहायचं. दाजी रोज 'दाजी' निवडायचे. 'शुभा' कुणीच निवडायचं नाही, कारण तिचा पासवर्ड शुभालाच ठाऊक, आणि शुभा सहा वर्षं या घरात आलेली नव्हती.

शुभा म्हणजे दाजींची मुलगी. एकुलती. लहानपणी बापाच्या मागे मागे जेटीवर, पुढे कम्प्युटरचं शिक्षण, पुढे गोव्यात नोकरी. दाजींनी मालवणच्या एका ट्रॉलरवाल्याच्या घरी तिच्यासाठी शब्द टाकला होता. हिने इकडे दोडामार्गचा एक केळी-बागायतदाराचा मुलगा स्वतः ठरवला आणि घरी येऊन सांगितलं. वाईट काहीच नव्हतं त्यात, पण दाजींचं डोकं म्हणजे त्यांच्या इंजिनांसारखं तापणारं. मी गडग्याच्या अलीकडे पापड वाळत घालत होते, सगळं ऐकलं. "ह्या घरात तुका जागा नाय!" दाजी ओरडले. "ह्या घरात परत पाय ठेवूचंय नाय!" शुभा ओरडली. दोघंही एकाच कारखान्यातला माल. ती गेली. लग्नाला काकी गेल्या, मी गेले, दाजी दिवसभर एका बंद इंजिनाशी बसून राहिले.

तिचा कम्प्युटर मागे राहिला. वर्षभराने दाजींना मोबाईलवर इंजिनाचे नकाशे दिसेनासे झाले, चष्मा लागला, मोठा पडदा हवा झाला. मालवणातल्या दुकानदाराने सांगितलं, पासवर्ड नाही तर पुसून टाका, नवीन घालून देतो. दाजी तो जडशीळ डबा पोटाशी धरून एसटीने परत घेऊन आले. मग कुठूनतरी कळलं की न पुसता शेजारी बसवता येतं. चार महिने खपून, चुकत माकत, ते शिकले. तेव्हापासून हे सुरू आहे.

काकी दर रविवारी शुभाशी फोनवर बोलायच्या. विहिरीजवळ उभ्या राहून, कारण रेंज तिथे येते. त्या वेळेला दाजी मिक्सर लावायचे. त्यात काही घातलेलं नसायचं.

तर गेल्या खेपेच्या गावपळणीची ही गोष्ट. बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. चुली विझवायच्या, दिवे बंद करायचे, दारं ओढून घ्यायची आणि निघायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं. गावात एक जीव ठेवायचा नाही. वेशीपलीकडच्या माळावर माडाच्या चुडतांच्या खोपी घालायच्या, तिथेच रांधायचं, गाणी म्हणायची, फुगड्या घालायच्या. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा कौल लावायचा, त्याने हो म्हटलं की घरी. आम्हा बायकांना तर ही दिवाळीपेक्षा मोठी सुट्टी. भांडी कमी, पाहुणे शून्य.

निघायच्या सकाळी मी कोंबड्या डालग्यात घालत होते तर गडग्यापलीकडून काकींचा आवाज.

"लाज नाय ती ह्या माणसाक! म्हशीक दावा लावूचा सोडून ह्यो डब्याक वायरी गुंडाळता!"

दाजींनी कम्प्युटर गोधडीत गुंडाळला होता. पडदा वेगळा, डबा वेगळा, बटणांची पाटी काकींच्या पिशवीत.

"दाजी, खंय चललो ह्यो?" मी विचारलं.

"गावपळणीक."

"अवो, तेका जीव आसा काय?"

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले. "तुझ्या कोंबड्यांका तू नेतंस मा? मगे? तेच्यात शुभाची बाजू आसा. तीन दिवस काळोखात एकटी कशी ठेवू?"

टेम्पोत म्हशीची वैरण, माझं कोंबड्यांचं डालगं, आणि मधोमध गोधडीतला कम्प्युटर. दाजी स्वतः शेजारी बसले, त्याला हात लावून. वेशीच्या अलीकडे एक वळण आहे, तिथे खड्डा आहे, त्या खड्ड्यात टेम्पो गेला. दाजी उडाले, मी उडाले, डबा उडाला आणि माझ्या डालग्यावर आदळला. कोंबडा वाचला, पण पुढचे तीन दिवस आरवला नाही.

माळावर पोहोचलो. शेजारच्या गावातल्या एका शेतविहिरीची पंपशेड जवळ होती, तिथून दाजींनी मालकाला विचारून वायर ओढली. खोप उभी राहायच्या आधी टेबल उभं राहिलं. काकी तीन दगडांची चूल मांडत होत्या आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. दाजींनी बटण दाबलं.

टक्. टक्. कर्रर्र. टक्.

दाजींनी स्क्रूड्रायव्हर काढला, डब्याला लावला, मूठ कानाला, डोळे मिटले.

"डिस्क जाता आसा," म्हणाले. "सुनंदा, गो, शुभाची बाजू जाता आसा."

त्यांच्याकडे दुसरी एक कोरी डिस्क होती, बाहेरून जोडायची. पण सगळं उतरवून घ्यायला दोन दिवस लागले असते आणि ही बिचारी दोन तास तरी फिरेल की नाही, त्याचा भरवसा नव्हता. त्यांनी लगेच मशीन बंद केलं, म्हणजे तेवढा तिचा दम वाचेल. मग खोपीच्या दारात उकिडवे बसले.

"आधी काय काढू?" मलाच विचारायला लागले. "काय म्हत्त्वाचा आसा, माका काय म्हायत?"

"उघडून बघा! तुमच्या बाजून तिचा सगळा दिसता म्हणालात मा? पासवर्ड नको, काय नको."

"दिसता. चिन्ह आसा, दाबला की उघाडता."

"मग?"

"तिची खोली ती. इचारल्याशिवाय कशी उघडू?"

"म्हणजे तुमी इतक्या वर्षांत एकदाय उघडूक नाय?"

दाजींनी नाही म्हणून मान हलवली. काकींचा पट्टा थांबला. मला मात्र असा राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं हा माणूस दाराशी बसलाय, दार उघडं आहे, आणि हा आत डोकावतसुद्धा नाही, आणि फोनही करत नाही! मी ओरडलेच. "मग इचारा तिका! फोन करा! नायतर जळान जाऊंदे ती डिस्क, तुमकाच तेचा पाप!"

"तू कर फोन."

"मी कित्याक करू? मी काय बापूस आसंय तिचो?"

चुलीची राख हाताला तशीच, काकींनी आपल्या फोनवर नंबर काढला आणि फोन दाजींच्या पुढ्यात धरला. दाजी म्हणाले रेंज नाही. आम्ही म्हटलं वर कातळावर आहे. दाजी म्हणाले ऊन आहे. काकींनी छत्री दिली.

मग जी वरात निघाली! पुढे छत्री घेऊन दाजी, मागे काकी, मी, भजन सोडून उठलेली पाच-सहा मंडळी आणि आमचा कुत्रा. दाजी कातळावर चढले. दोनदा नंबर लावून तोडला. तिसऱ्यांदा घसा खाकरला आणि फोन कानाला लावला. सगळं आयुष्य इंजिनांच्या आवाजात काढलेला माणूस, हळू बोलायची सवयच नाही, त्यामुळे सगळा माळ ऐकत होता.

"हॅलो! मी डिस्कबद्दल फोन केलंय!"

पलीकडे बहुतेक कोण म्हणून विचारलं असावं.

"बापूस!"

दाजींनी फोन कानापासून दूर करून पाहिला, लागलेला आहे का म्हणून. पुन्हा कानाला लावला.

"तुझी डिस्क मरता आसा गो. सगळा येवचा नाय. आधी काय काढू, तेवढा सांग. मी उघडूक नाय. उघडूक नाय कधीच."

मग दाजी नुसते "हूं" म्हणाले, पुन्हा "हूं" म्हणाले, आणि फोन ठेवून कातळावरच बसले.

"काय म्हणाली?" काकी.

"हात लावू नको म्हणाली. येता ती."

"हंय?"

"म्हणाली, घरात पाय ठेवूचंय नाय म्हणान सांगितलेलंय, खोपीत ठेवलंय तर चलता."

काकींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या! हसता हसता त्यांनी कुत्र्याचाही मुका घेतला.

दोडामार्गहून आमच्या माळावर यायला स्कूटरने तीन तास. त्या तीन तासांत दाजींनी वायर तीन ठिकाणी पुन्हा बांधली, खोप झाडली, टेबलाखाली वीट लावली, अंगावरची बनियन बदलली, पुन्हा तीच घातली. मला दोनदा विचारलं, "ती चाय घेता काय आता?" जशी काही कुठली अनोळखी बाई येणार होती.

दुपारी उशिरा ती आली. हेल्मेट काढलं. तशीच, फक्त जरा भरलेली. काकींनी मिठी मारली ती सोडेनात. दाजी दोन पावलं पुढे आले आणि तिथेच थांबले. मला वाटलं आता काहीतरी होणार. झालं ते असं.

"लाईट खंयसून घेतल्यात?" शुभा.

"पंपाच्या शेडीतसून."

"व्होल्टेज?"

"बरा आसा. बघलंय."

"बरा."

आणि दोघं खोपीत शिरली. सहा वर्षांनी भेटलेल्या बाप-लेकीचं हे बोलणं! मी काकींकडे पाहिलं, काकींनी कपाळावर हात मारला.

शुभा पाटावर बसली, बटण दाबलं. टक्. टक्. काळा पडदा आला. 'दाजी', 'शुभा'. ती जरा वेळ त्याकडे बघत राहिली. घाई करायला आकडेही नव्हते. मग तिने 'दाजी' निवडलं, कारण तिची बाजू त्या मरायला टेकलेल्या डिस्कवर उठली नसती, बापाच्या बाजूने जाऊन आतून सामान काढायचं होतं. पडद्यावर काहीतरी पट्ट्या दिसायला लागल्या, एक अगदी चिमुकली, एक लांबच लांब.

"बाबा, ह्या काय?" ती म्हणाली. "माका दोनशे नव्वद जीबी आणि तुमका पंचवीसच?"

"माका पुरता," दाजी म्हणाले. "जुने फोटो पुसतंय अधीमधी, मगे जागा होता."

"माझ्यातला वायच घेवचा होता!"

"तू येतलंस तेव्हा कमी पडला तर?"

शुभा वळली नाही. पण तिचा माऊसवरचा हात थांबला आणि बराच वेळ थांबूनच राहिला. डिस्क मध्येच कर्रर्र झाली तेव्हा ती भानावर आली. तिने आपल्या बाजूचं चिन्ह दाबलं. उघडलं की हो, एका बोटात! आत कितीतरी फायलींची कपाटं. नोकरीचे कागद होते, कॉलेजचे होते, फोटो होते. तिने ते सगळं सोडलं आणि खालचं एक कपाट उचलून नव्या डिस्कवर टाकलं. त्याचं नाव होतं 'इंजिना'.

हळूहळू पट्टी सरकत होती. खोपीच्या दारात आता अर्धी वाडी गोळा झाली होती. पट्टी पूर्ण झाली तेव्हा शुभाने नीट आलंय का बघायला त्यातली एक फाईल लावली.

धड् धड् धड् धड्. ट्रॉलरचं इंजिन! सगळी खोप हादरली, माझी कोंबडी उडाली. आणि त्या धडधडीतून दाजींचा आवाज, तरुण, चढा. "आयक, आयक! ह्यो पिस्टन नाय वाजता, ह्यो बेअरिंग ओरडता. आयकलंस मा गो?" आणि मग एका पोरीचं खिदळणं. "बाबा, माईकाक ग्रीस लागला!"

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिने हे केलं होतं म्हणे. जेटीवरच्या चाळीस बोटींची इंजिनं, निरोगी आणि आजारी, आणि प्रत्येकाला काय झालंय ते सांगणारे दाजी. कम्प्युटरला आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं ओळखायला शिकवायचं होतं. तो काही शिकला नाही, पण आवाज राहिले.

दाजी खालीच बसले. धूळभरल्या जमिनीवर, फतकल मारून.

"माका म्हायत नाय होता," म्हणाले, "ह्या तू ठेवलंस ता." मग रडायलाच लागले, सगळ्या वाडीसमोर, नाक ओढत. "शुभा, मी तेव्हा वायट बोललंय गो. खूप वायट बोललंय. माका तेव्हापासून झोप नाय."

"मीय बोललंय," शुभा म्हणाली. तीही रडत होती, पण एक डोळा पट्टीवर. "उठा हो आता, जमनीर मुंगळे आसत."

ती तीन दिवस खोपीत राहिली. तिचा नवरा शनिवारी केळ्यांचा घड घेऊन आला आणि दाजींनी त्याच्याकडे बघून पहिला प्रश्न कुठला विचारला, ते मी सांगायला नको. बिचाऱ्याने दोन हात जोडले आणि फोन खिशात खोल ढकलला. डिस्क दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओढली. निम्म्याहून थोडं जास्त वाचलं, मग ती एकदा मोठ्याने कण्हली आणि थांबली. दाजींनी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं, मान हलवली. शुभा म्हणाली, "जाऊंदे, होया ता इला." मग आईबरोबर फुगडी घालायला गेली.

चौथ्या दिवशी सकाळी देवाने उजवा कौल दिला. गाव परत निघाला. टेम्पो भरले, गुरं सुटली, सगळीकडे हाका आणि भांडणं. शुभाचा नवरा आदल्या दिवशीच बागेत पाणी सोडायला परतला होता. ती आपली स्कूटर पुसत होती. हेल्मेट हातात. सोमवारी ड्युटी होती तिची. दाजी तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. दुसऱ्यांच्या मशीनसाठी एवढी लांबलचक गाऱ्हाणी घालणारा हा माणूस. लुंगीचं टोक पिळत राहिले.

"घर तुझा आसा," शेवटी म्हणाले. "माझ्या तोंडात माती पडली होती त्या दिवशी. चल गो."

शुभाने हेल्मेट घातलं, पट्टा लावला. मला वाटलं, गेली. स्कूटर चालू केली आणि तोंड गावाच्या दिशेने वळवलं.

"जेवान जातंय," म्हणाली.

दाजी तसेच पळत सुटले. घराकडे नव्हे, बंदराकडे! तीन दिवस घरात कोण नाही म्हणजे घरात मासा नाही, आणि पोरगी जेवायला येतेय. काकी मागून ओरडतायत, "अवो, चूल तरी पेटूंदे! पिशवी तरी न्हेवा!" पण दाजी कुठले थांबतात. लुंगी वर, चपला हातात, माळावरून सरळ खाली.

टेम्पोवाल्याने सगळ्यांचं सामान उतरवलं तेव्हा गोधडीत गुंडाळलेला तो कम्प्युटर माझ्या कोंबड्यांच्या डालग्याबरोबर माझ्या पडवीत आला. मी वाट बघितली, दाजी गडगा ओलांडून येतील म्हणून. दुपारभर पलीकडून भांड्यांचे आवाज येत होते, तळण्याचा वास येत होता, तिघंही एकदम मोठमोठ्याने बोलत होती. संध्याकाळी दाजी स्कूटरच्या मागे रस्त्यापर्यंत चालत गेले आणि परत आले.

कम्प्युटर आठवडाभर माझ्याकडेच होता. न्यायला कोणी आलं नाही.